परदेशातील विद्याभ्यास, सहली व सणवार

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात जळगाव येथे केलेले भाषण)



परदेशी शिकावयास जाणाऱ्या आपल्या मुलामुलींविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणिसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम हातच जोडले. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारी नोकरी पारोळे तालुक्यातील प्राथमिक शाळांत गेली, आणि आता धुळ्यास धाकट्या चिरंजीवांकडे असतो. पंढरपूर व नागपूर यांपलीकडचा मुलूख आम्ही पाहिलेला नाही. विमान पाहिले तेही खालूनच. अशा माणसाने परदेशच्या विद्याभ्यासावर काय बोलावे? पण चिटणीस म्हणाले, "गुरुजी, अभ्यासावर बोलणारे पुष्कळ आहेत. तुम्ही सहलींवर बोला." त्यांच्या म्हणण्यातील खोच आमच्या ध्यानी आली. कारण सहलीच्या एका छायाचित्रापायी आमच्या हातून एक चूक घडलेली आहे. ती आज सर्वांसमक्ष सांगावी, म्हणून उभे राहिलो.

आपल्या ज्ञातीच्या शिक्षण-निधीतून बिनव्याजी कर्ज दिले जाते हे आपणांस ठाऊकच आहे. सन २०२२ मध्ये आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्यास त्यातून जर्मनीस पाठविले. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी जवळजवळ नसते, हे ऐकून प्रथम आम्हांस मोठा आनंद झाला होता. पण वर्षभराचा निर्वाहखर्च आधी तेथील बँकेत बंद खात्यात ठेवावा लागतो. त्या वर्षी ती रक्कम १०,३३२ युरो होती, आणि त्यातून दरमहा ८६१ युरो विद्यार्थ्याच्या हाती पडत. पुढल्या वर्षी ती ११,२०८ वर गेली. कोरडवाहू सात एकरांच्या शेतकऱ्याने एवढी रक्कम कोठून उभी करावी? काही बँकेचे कर्ज, काही सोयऱ्यांकडून, आणि उरलेले ज्ञातीच्या निधीतून दोन हप्त्यांत, असे ठरले.

दुसऱ्या हप्त्याच्या बैठकीत एका सभासदांनी आपला भ्रमणध्वनी पुढे केला. त्यावर छायाचित्र होते. बर्फाने भरलेल्या एका टेकडीवर पाचसहा तरुणतरुणी उभी, मध्ये आमचा विद्यार्थी एका दगडी खांबावर बसून दोन्ही हात आकाशात उंचावून हसतो आहे. एका हातात वाफाळणारा पेला. तो पेला कसला, यावर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले, पोरे मजा मारावयास जातात आणि आपण येथे पावत्या फाडतो. आम्ही त्याचे गुरुजी. आमच्याकडे सर्वांचे डोळे लागले. "खुलासा येईपर्यंत हप्ता थांबवावा," असे आम्हीच सुचविले, आणि हातही प्रथम आम्हीच वर केला.

मुलाचे वडील दाराशी उभे होते. छायाचित्र त्यांच्याही हाती देण्यात आले. त्यांनी ते पुष्कळ वेळ पाहिले व आम्हांस म्हणाले, "गुरुजी, पोऱ्या हासी ऱ्हायना. हाई पाहीसन मन्हं मन निवनं." सभेत कोणी काही बोलले नाही. पण ठराव झालेला होता, आणि ठराव फिरविण्याचे धैर्य आम्हांस त्या दिवशी झाले नाही.

खुलासा टपालाने आला. आजकाल हस्ताक्षरातले पत्र म्हणजे अपूर्वाईच. त्यात पहिल्या पानावर हिशेब होता. तो शिकत होता त्या आखेन नगराजवळ जर्मनी, हॉलंड व बेल्जियम या तीन देशांच्या सीमा एका टेकडीवर मिळतात. एके काळी तेथे मोरेस्नेट नावाचा चिमुकला तटस्थ प्रदेशही लागून होता, म्हणजे चार सीमा. टेकडीची उंची ३२२ मीटर. आपल्या सातपुड्यापुढे ती टेकाडच म्हणावयाची, पण मुख्य हॉलंडात तिच्याहून उंच जागा नाही. विद्यार्थ्यांच्या सत्रशुल्कातच आसपासच्या बसगाड्यांचा पास येतो. सबब जाण्यायेण्याचा खर्च शून्य. पेल्यात कोको घातलेले गरम दूध होते. त्याचे तीन युरो.

दुसऱ्या पानावर त्या दिवसाची हकीकत होती. उतरताना त्यांच्यातील केनियाचा एक मुलगा बर्फावरून घसरला व त्याचा घोटा मुरगळला. अंधार लवकर पडतो. रविवारच्या बसगाड्या थोड्या. चौघांनी आळीपाळीने त्यास पाठीवर घेतले. वाटेतल्या एका वस्तीवर म्हाताऱ्या जोडप्याने त्यांना घरात घेतले, घोट्यास पट्टी बांधली आणि आपल्या मोटारीतून आखेनच्या वसतिगृहापर्यंत पोहोचविले. भाषा कोणास कोणाची नीट येत नव्हती. पुढे मार्चात हाच केनियाचा मुलगा आमच्या विद्यार्थ्यास गणिताच्या एका कठीण विषयात रोज रात्री शिकवीत असे. आणि पहिल्या सत्रात त्याच विषयात आमचा विद्यार्थी नापास झालेला होता. ही गोष्ट त्याने घरी कळविली नव्हती. नापास झाल्यावर आठवडाभर तो खोलीबाहेर पडला नव्हता, जेवणही नीट घेत नव्हता. मित्रांनी अक्षरशः ओढून त्याला त्या टेकडीवर नेले होते. ज्या छायाचित्रावर आम्ही ठराव केला, ते हे छायाचित्र.

त्याच पत्रात चंपाषष्ठीचाही प्रसंग होता. तो हसण्यासारखा आहे, म्हणून सांगतो. वांगे मिळाले, लसूण-मिरची मिळाली. पण तेथील चुली विजेच्या, आणि जाळावर भाजल्यावाचून भरीत कसले? आपल्याकडे थंडीत शेतात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजतात, तो वास त्याच्या नाकात. त्याने खिडकीशी मातीच्या कुंडीत कोळसे पेटविले. धूर झाला, आगीची घंटा वाजली, चार मजल्यांची मुले कुडकुडत अंगणात उतरली आणि अग्निशामक गाडी येऊन उभी राहिली. अधिकाऱ्याने कुंडीतले काळे वांगे चिमट्यात धरून विचारले, हे काय आहे? चिरंजीवांना सक्त ताकीद मिळाली, आणि ती मिळावयासच हवी होती. बंद खोलीत कोळसे पेटविणे हा जीवघेणा प्रकार आहे. आपल्या मुलांनी हे कदापि करू नये. पण भरीत झाले. बाजरीची भाकरी नसल्याने ते पावाशी खाल्ले, आणि कडाक्याच्या थंडीत उगीच बाहेर यावे लागलेल्या शेजाऱ्यांनाही वाढले.

पत्राच्या अखेरीस दोन ओळी आमच्यासाठी होत्या. "गुरुजी, चौथीत असताना आपण आम्हांला पाटणादेवीस नेले होते. येताना एस. टी. बंद पडली आणि आपण रस्त्याच्या कडेला बसवून आम्हांला भास्कराचार्यांची गोष्ट सांगितलीत. त्या दिवशी शाळेतला कोणता धडा बुडाला, हे मला आठवत नाही."

ज्ञातिबांधवहो, आम्ही चौतीस वर्षे दर हिवाळ्यात मुलांना सहलीस नेले. चाळीसगावाजवळच्या त्या डोंगरात, पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. तो मठ त्यांच्या नातवाने, चांगदेवाने स्थापिला, हे दशम्या सोडता सोडता सांगितले की मुलांच्या कायमचे लक्षात राही. वर्गात दहादा सांगून राहत नसे. हे ज्यास ठाऊक, त्याच मास्तराने तेवीस वर्षांच्या मुलाची सहल गुन्हा ठरविली.

मग आम्ही वाचनालयात जाऊन जुन्या विद्यार्थ्यांची चरित्रे चाळू लागलो. त्यांनी परदेशी सण कसे केले, हिंडले कोठे, एवढेच पाहावे म्हणून.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या व ४ जूनला न्यूयॉर्कास पोहोचल्या. वय अवघे अठरा. पहिला उन्हाळा रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी गेला; या बाईंना त्या मावशी म्हणत. त्या घरी त्यांनी आपल्या हाताने मराठी स्वयंपाक केला, घरच्या मुलीबायकांना लुगडी नेसविली, आणि पाहुण्यांना जमिनीवर पंगतीस बसविले. पुढे फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील थंडी, एकटेपणा, आजार. आणि घरून गोपाळरावांची काही पत्रे तर अशी टोचणारी, की ती वाचून आम्हांस आमचा ठराव आठवला. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या सबात इस्लामबुली या तिघींचे आपापल्या देशीच्या पोशाखातील १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र आहे. महाविद्यालयाच्या प्रमुखांनी दिलेल्या स्वागतसमारंभाचे ते. १८८३ ते १८८६ एवढ्या श्रमांतून त्यांनी तो दिवस काढला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, त्या सोहळ्यास पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून लहान मुलीसह आल्या. एका समारंभासाठी एवढा प्रवास! तो खर्च आमच्या समितीपुढे आला असता तर आम्ही काय केले असते, हा विचार मनात येऊन गेला. पुढे वर्षाच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यास क्षयाने वारल्या. वयाची बाविशीही पुरी झाली नव्हती. त्यामुळे रोझेलच्या त्या पंगतीची हकीकत वाचताना आम्हांस फार बरे वाटले. तेवढे तरी सुखाचे दिवस त्यांच्या वाट्यास आले.

लंडनच्या मराठी विद्यार्थ्यांचे एकच सांगतो. २४ ऑक्टोबर १९०९ रोजी तेथील हिंदी मंडळींनी दसरा केला. अध्यक्ष होते गांधीजी आणि वक्त्यांत बॅरिस्टरीचे शिक्षण घेतलेले सावरकर. ज्यांचे मार्ग पुढे इतके वेगळे झाले, ते त्या दिवशी एका पंगतीस बसले. आणि त्याच वर्षी सावरकर मित्रासह ब्रायटनच्या समुद्रकिनारी गेले असता तेथे जे गीत सुचले, ते आपण सर्वांनी शाळेत म्हटलेले आहे.

तिसरे उदाहरण आपल्या धुळ्याशी जोडलेले. डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कास गेले. पहिले काही महिने नाटके, खेळ, मित्रमंडळी यांत गेले, आणि मग एके रात्री अंतर्मुख होऊन त्यांनी स्वतःला अभ्यासाच्या कामास जुंपले, असे चरित्रकार सांगतात. हे मुलांनीही ऐकून ठेवावे. सहलीस मर्यादा आहे. परंतु तेथल्याच वसतिगृहातील नवल भथेना या पारशी मित्राने पुढे १९२० साली पाच हजार रुपये उसने दिले, तेव्हा त्यांना लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करण्यास जाता आले. तेच बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्यास आले असता लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गेले होते, आणि त्या तारखेस लोक दरवर्षी तेथे जमतात. न्यूयॉर्कातच १९१६ साली त्यांनी जातिसंस्थेवर आपला निबंध वाचला होता. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे सांगताना संकोच वाटतो. पण ते गाळून बाकीचे सांगणे बरे नव्हे.

आता आमच्या ठरावाचे काय झाले ते सांगून पुरे करतो. पत्र आम्ही पुढल्या बैठकीत वाचून दाखविले व हप्ता मंजूर झाला. पण मध्ये चार महिने गेले होते. मुदत टळू नये म्हणून वडिलांनी तोवर बैलजोडी विकली होती आणि उरलेल्या रकमेसाठी व्याजाने पैसे काढले होते. व्याज निधीतून द्यावे असा ठराव आम्ही मांडला, तो नियमात बसत नाही म्हणून नामंजूर झाला. मग ते आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून दिले. त्यात उपकार कसला? बैलजोडी मात्र परत आली नाही. त्या शेतात आता ट्रॅक्टर भाड्याने येतो.

मुलगा गेल्या वर्षी उत्तीर्ण झाला, नोकरीस लागला, व कर्जाचा पहिला हप्ता निधीत जमा झाला आहे. कर्जाच्या नियमांत "विद्यार्थ्याच्या वर्तनाविषयी शंका आल्यास" असे एक कलम आहे. त्यात "प्रथम विद्यार्थ्यास व पालकांस विचारून" एवढे शब्द घालावेत, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे. ती आज दुपारच्या सत्रात येईल. सभासदांनी जेवणानंतर निघून जाऊ नये, ही विनंती.

आणि स्मरणिकेच्या संपादकांस एक मागणे. गुणवंतांची छायाचित्रे आपण दरवर्षी छापता. ती सर्व कोट-टायमधील, गंभीर चेहऱ्याची असतात. या भाषणाशेजारी ते टेकडीवरचे छायाचित्र छापावे. मुलाची व त्याच्या वडिलांची संमती आम्ही घेतलेली आहे.