लोणारची पायवाट : सहल आणि जबाबदारी

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी रिठद येथे देण्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या सहलीचा विषय निघाला की दूरच्या शहरांची आणि किल्ल्यांची नावे प्रथम पुढे येतात. परंतु रिठदहून रिसोडमार्गे गेले असता एका दिवसात जाऊन परत येता येईल असे एक स्थळ शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. जगभरातील शास्त्रज्ञ ज्याचा अभ्यास करतात, ते लोणारचे विवर होय. हे विवर आणि त्यातील सरोवर यांना सन २००० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. सन २०२० मध्ये रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची नोंद झाली. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरनंतर हा मान मिळविणारे हे राज्यातील दुसरे स्थळ आहे.

या विवराची निर्मिती अवकाशातून आलेल्या उल्केच्या आघाताने झाली. आपल्या शेतांखाली जो काळा पाषाण आहे, त्याच बेसाल्ट खडकात हा आघात झाला. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठापासून सरोवरापर्यंतची खोली सुमारे दीडशे मीटर आहे. सन १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख समजले जात होते. प्रचंड आघाताशिवाय तयार न होणारे काचरूप पदार्थ येथील खडकांत सापडल्यानंतर, १९७३ च्या सुमारास, उल्कापाताचा सिद्धान्त सर्वमान्य झाला. विवराचे वय पन्नास हजार वर्षे असल्याचे अनेक जुन्या पुस्तकांत आढळते. परंतु २०१० नंतर प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असावे. शिक्षकांनी ही दुरुस्ती विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. नवा पुरावा मिळताच विज्ञान आपले मत कसे बदलते, याचा हा उत्तम पाठ आहे.

काठावरच्या धारेजवळून खाली उतरणारी वाट ही या स्थळाची खरी शाळा होय. वरची उघडी माळजमीन मागे पडते आणि उतारावर सागाची व सीताफळाची झाडी सुरू होते. वानरांचे कळप दिसतात, मोराचा आवाज कानी येतो, एखादी घोरपड खडकाआड सरकते. तळाशी जुन्या मंदिरांचे अवशेष आणि कमळजा देवीचे स्थान आहे. पाण्याच्या कडेने टिटव्या आणि शेकाटे वावरतात. हिवाळ्यात पाहुणे पक्षीही उतरतात. ही वाट उतरावयास सोपी असली तरी परत चढताना दम लागतो. म्हणून सकाळी लवकर निघावे, प्रत्येकाजवळ पिण्याचे पाणी असावे, मुलांचे लहान गट करावेत आणि वनविभागाकडे आगाऊ चौकशी करून मगच दिवस ठरवावा.

परंतु या स्थळाचे खरे वैशिष्ट्य पाण्यात आहे. आपल्या परिचयाच्या तलावाला सांडवा असतो. लोणारच्या सरोवरात झरे व पावसाचे पाणी येते. मात्र बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हे घडत आल्याने पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी झाले आहे. हा गुण मुलांना समजावयाचा असेल तर सहलीपूर्वी वर्गात एक प्रयोग करावा. आपल्या भागात पिकणाऱ्या हळदीची भुकटी पाण्यात कालवून कागदाला लावावी, तो वाळवावा आणि त्यावर धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा थेंब टाकावा. पिवळा कागद तांबडा होतो. सरोवराच्या पाण्याचा गुण असाच, सोड्याच्या जातीचा आहे.

अशा पाण्यात तगून राहणारी सूक्ष्म जीवसृष्टी फार थोड्या ठिकाणी आढळते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा अनेक तर्क करण्यात आले. पाणी घटून क्षारांचे प्रमाण वाढले असता फोफावणाऱ्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. पावसाचे पाणी मिसळल्यावर तो रंग ओसरला. क्षारांचे प्रमाण थोडे बदलताच सारे सरोवर बदलते, हा या घटनेचा अर्थ आहे.

येथेच पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्या विचारासाठी एक गोष्ट पुढे येते. विकास म्हटला की रस्ता, वाहनतळ, दिवे, बगीचा आणि पाण्याची सोय असे चित्र आपल्या मनात असते. गावात त्या सोयी हव्यातच. पण ज्या खोलगट भागात गेलेली वस्तू बाहेर येत नाही, तेथे सांडपाणी, साबण, निर्माल्य, प्लॅस्टिक, इतकेच काय, बाहेरून सोडलेले गोडे पाणीसुद्धा कायमचा बदल घडविते. वेड्या बाभळीसारखी परकी झाडे तेथील मूळ वनस्पतींची जागा बळकावतात. या सरोवराच्या संरक्षणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानात येईल. काही जागांचा विकास म्हणजे त्यांच्या काठावर थांबणे आणि आत पायीच जाणे होय.

हा संयम सहलीतच अंगी बाणविता येतो. डबा काठावर, नेमून दिलेल्या जागी खावा. वानरांना खाऊ देऊ नये. त्याने ती माणसांच्या अंगावर येण्यास शिकतात. दगड, पीस वा फुले पिशवीत घालू नयेत. पाण्यात उतरू नये. प्रत्येक मुलाने एक पक्षी, एक झाड आणि एक खडक यांचे चित्र काढावे व निरीक्षण लिहावे. नेलेला कचरा मोजून परत आणावा.

लोणारला जाणे वर्षातून एकदाच घडेल. मात्र त्या वाटेने जाऊन आलेल्या मुलांना आपापल्या गावच्या ई-वर्ग जमिनीकडे, ओढ्याकडे आणि पाझर तलावाकडे त्याच दृष्टीने पाहावयास शिकविता येईल. ज्या माळाला आपण पडीक म्हणतो, तेथे टिटवी अंडी घालते आणि गुरांना चारा मिळतो. शाळेने तेथे महिन्यातून एक फेरी काढावी, पाहिलेल्या पक्ष्यांची व झाडांची नोंदवही ठेवावी आणि ती वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावी. त्यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही. जमिनीचा वापर ठरविताना ती नोंदवही सदस्यांसमोर असली, तर गावाचा निर्णय अधिक डोळसपणे होईल.