भीतीसकट उभं राहायचं

(महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळच्या गटचर्चेचे कागद माझ्यासमोर आहेत. पाणी, रस्ता, रेशन, दारू, दरडीच्या भीतीखाली राहणाऱ्या वाड्यांचं पुनर्वसन, असे पुष्कळ प्रश्न तुम्ही लिहिलेत. पण सगळ्याच कागदांवर शेवटी एक ओळ सारखी आहे. ‘सगळं माहीत असतं, पण सभेत उभं राहिलं की बोलता येत नाही.’ कुणी लिहिलंय, घसा कोरडा पडतो. कुणी लिहिलंय, पाय लटपटतात. एकीने लिहिलंय, घरून सगळं पाठ करून गेले, उभी राहिले आणि डोकं कोरं.

मला आज याच ओळीवर बोलायचंय. ती कागदाच्या तळाशी असली, तरी वरचे सगळे प्रश्न तिच्यापाशी येऊन अडतात.

पहिली गोष्ट. आपल्याला बोलता येत नाही, हे खरं आहे का? पाणवठ्यावर नंबरावरून भांडण झालं की आपण गप्प बसतो का? महाडच्या बाजारात सुकटीचा भाव करताना आपला आवाज कमी पडतो का? गौरी-गणपतीत रात्रभर फेर धरून गाणारी बाई सकाळी पुन्हा कामाला लागते, तिच्या घशात दम नाही असं कोण म्हणेल? म्हणजे आवाज आहे, शब्द आहेत, बुद्धी आहे. मग ते सगळं जातं कुठे?

ते एका ठरावीक जागी जातं. जिथे निर्णय होतो, जिथे वही उघडी असते आणि शिक्का मारला जातो, तिथे. आपल्या भागाची परिस्थिती तुम्हाला सांगायला नको. घरटी एक तरी माणूस मुंबईला किंवा सुरतेला. गाव चालवतात बायका. शेत, गुरं, म्हातारी माणसं, मुलांची शाळा, सगळं त्याच बघतात. पण गावाची बैठक बसते ती शिमग्याला, गणपतीत नाहीतर मे महिन्यात, चाकरमानी आले की. सहाणेवर नाहीतर देवळात पुरुष बसतात आणि बायका लांब, भिंतीच्या कडेला. समोर सासरे, चुलत सासरे, दीर. ज्यांच्यासमोर जन्मभर पदर सावरून, खाली मान घालून वावरलो, त्यांच्यासमोर ताठ उभं राहून प्रश्न विचारायचा. अशा वेळी पाय लटपटले नाहीत तरच नवल. ही भीती आपल्या स्वभावात नव्हती. लहानपणापासून ‘हळू हस’, ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नको’, ‘तोंड वर करून बोलू नको’ असं म्हणत ती आपल्याला शिकवली गेली. जे शिकवलं गेलं ते विसरताही येतं, फक्त वेळ लागतो.

आता शरीरात काय होतं ते बघू. संकट आलं असं वाटलं की मूत्रपिंडाच्या वर असलेल्या ग्रंथींतून अॅड्रेनलिन नावाचा रस रक्तात सुटतो. काळीज जोरात धडधडतं, श्वास वर वर चालतो, हातापायांच्या स्नायूंकडे जास्त रक्त जातं. तोंडातली लाळ कमी होते म्हणून घशाला कोरड पडते. शरीर पळायच्या नाहीतर लढायच्या तयारीला लागलेलं असतं, आणि आपण मात्र एका जागी उभं राहायचं ठरवलेलं असतं, म्हणून थरथर. समोर साप आला तर हेच होतं. त्यात आजार काही नाही आणि कमीपणा तर मुळीच नाही. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही थरथर सुरुवातीला सर्वांत जास्त असते आणि बोलायला लागलं की बहुतेकींची हळूहळू उतरते. आणि आपल्याला आतून जेवढी जाणवते, तेवढी समोरच्यांना दिसत नाही.

हे फक्त बायकांचं होतं असंही नाही. मोहनदास गांधी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला घेतला, साक्षीदाराची उलटतपासणी करायला उभे राहिले आणि एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, खटला दुसऱ्या वकिलाकडे दिला. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलंय. पण त्यांच्यात आणि आपल्यात एक फरक आहे. कोर्टातून घरी गेल्यावर ‘तू तिथे तोंड उघडलंसच कशाला?’ असं त्यांना कुणी विचारलं नाही.

म्हणून मी म्हणते, आपल्या भीती दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक शरीराची भीती, म्हणजे धडधड, कोरड, थरथर. दुसरी परिणामांची भीती. बोलल्यावर काय होईल? नवऱ्याला मुंबईला फोन जाईल, सासू अबोला धरेल, भावकी टोमणे मारील, नळाचं पाणी आपल्याच दारात बंद होईल. पहिल्या भीतीवर लांब श्वासाचा उपाय चालतो. दुसरीवर चालत नाही. मारहाणीच्या भीतीने गप्प बसलेल्या बाईला ‘आत्मविश्वास वाढव’ म्हणून सांगणं ही तिची थट्टा आहे.

या दोन्ही भीती रमाबाई रानड्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतात. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पुढे मराठी शिकल्या, इंग्रजी शिकल्या. पुण्यात मुलींचं हायस्कूल व्हावं म्हणून गव्हर्नरसमोर भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. हुजूरपागेची ती शाळा १८८४ मध्ये सुरू झाली. नवरा न्यायमूर्ती, त्याचा पाठिंबा, तरीही शिकण्यापायी आणि सभेत जाण्यापायी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी त्यांना खावी लागली. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत हे सगळं आहे. सभेतलं धाडस काही मिनिटांचं असतं, घरातलं रोजचं. पण पुढे याच रमाबाई पुण्याच्या सेवासदनाच्या आधार झाल्या, बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून उभ्या राहिल्या. आणि तेव्हा त्या एकट्या नव्हत्या, त्यांच्याबरोबर बायकांची संस्था होती.

आणि महाडमध्ये बसून आपण चवदार तळ्याकडे पाहायचं नाही असं कसं होईल? सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कौन्सिलात झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण तीन वर्षं तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे माणसं रांगेने तळ्यावर गेली, ओंजळीने पाणी प्यायली, तेव्हा तो कागदावरून खाली उतरला. एकट्यादुकट्याने जायचं नाही, सगळ्यांनी मिळून जायचं, हे ठरलेलं होतं. त्यांची भीतीही खोटी नव्हती. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून त्याच दिवशी सत्याग्रहींना मारहाण झाली. तरी ती माणसं डिसेंबरात पुन्हा महाडला आली. मधल्या काळात कोर्टाने मनाई हुकूम दिला होता. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं.

त्या डिसेंबरातल्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले होते. तेव्हा बायका मुख्यतः ऐकायला आल्या होत्या. पुढे पंधरा वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, नागपूरला दलित महिलांची स्वतंत्र परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. व्यासपीठावर बायका, ठराव मांडणाऱ्या बायका आणि समोर हजारो बायका. ऐकणाऱ्या बायकांच्या बोलणाऱ्या बायका झाल्या, त्या वस्तीवस्तीत बैठका घेऊन झाल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी या बायकांना शोधून, त्यांच्या तोंडून ऐकून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. तुमच्या गटांत ते वाचून दाखवण्यासारखं आहे.

आपल्या हातातही आज कागद आहेत. १९९३ च्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या झाल्या. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घेतली पाहिजे, असं ग्रामपंचायत कायदा सांगतो. अनेकदा ही महिला सभा वहीतच भरते आणि आपल्या सह्या मागाहून घेतल्या जातात. ती खरोखर भरवायला लावणं, हीच बोलायची पहिली शाळा आहे. तिथे सासरे-दीर नसतात. तिथे जीभ सैल होते. तिथे ठरलेलं ग्रामसभेत मांडायचं म्हटलं की ते ‘माझं म्हणणं’ राहत नाही, ‘आमच्या सभेचा ठराव’ होतो. बोलणारीच्या पाठीशी गावातल्या बायका आहेत, हे समोरच्यालाही कळतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं? आधी शरीराच्या भीतीसाठी.

सगळं भाषण पाठ करू नका. एक शब्द विसरला की पुढचं सगळं कोसळतं. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ ठेवा, मधले मुद्दे चिठ्ठीवर. सुटा कागद हातात थरथरतो, म्हणून चिठ्ठी वहीवर ठेवा. लिहिता येत नसेल तर बोटांवर मुद्दे धरा, अंगठ्याला पाणी, पहिल्या बोटाला रस्ता. उभं राहण्याआधी दोनतीनदा श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. एक घोट पाणी प्या. पाय जमिनीवर घट्ट रोवा. समोर रागावलेले चेहरे शोधू नका, आपल्या गटातल्या बाईकडे बघून बोला. आणि आपल्याच बोलीत बोला. पुस्तकी भाषा बोलायला गेलं की निम्मं डोकं शब्द शोधण्यात जातं. ग्रामसभेत शुद्ध बोलण्याची अट कुठल्याही कायद्यात नाही.

बोलणं थोडकं ठेवा. समजा, प्रश्न पाण्याचा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात घाटातून पाणी धो धो वाहतं आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकरची वाट बघायची. तर चार वाक्यं पुरेत. ‘मी अमुक वाडीची. आमच्या वाडीला दोन महिने पाणी नाही, झऱ्यावर जायला-यायला तास लागतो. महिला सभेत ठरलंय की टाकी आधी वरच्या वाडीत बांधावी. हे काम कधी सुरू होणार ती तारीख सांगा आणि माझा प्रश्न वहीत लिहा.’ झालं. शेवटचं वाक्य विसरू नका. ग्रामसेवकांनी, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, इतिवृत्तात लिहिलं तरच ते बोलणं उरतं. आवाज कापला तरी चालेल. इतिवृत्तात थरथर उमटत नाही, प्रश्न उमटतो.

आता परिणामांच्या भीतीसाठी. ही भीती एकटीने पेलायची नाही. सभेत कधी एकटीने बोलायचं नाही. एकीने मांडायचं, दुसरीने लगेच उभं राहून ‘हे आमचंही म्हणणं आहे’ म्हणायचं, तिसरीने लिहिलं गेलं की नाही ते बघायचं. सगळ्या एकत्र जायच्या, एकत्र बसायच्या, एकत्र परतायच्या. बोललेल्या बाईच्या घरी त्या आठवड्यात दोघीतिघींनी सहज जाऊन यायचं. सासूशी बोलायचं, चहा प्यायचा. घरच्यांना कळलं पाहिजे की हिच्यामागे माणसं आहेत. घरातला पुरुष आपल्या बाजूचा असेल तर त्याला आधी सांगून ठेवा. आणि जिथे खरोखर जिवाला धोका आहे, तिथे त्या बाईला पुढे करू नका. तिचा प्रश्न दुसरीने मांडावा, पत्राने मांडावा, गटाच्या नावाने मांडावा. कुणी गप्प राहिली तर तिला भित्री म्हणायचं नाही. तिच्या गप्प राहण्याचं कारण शोधणं हे संघटनेचं काम आहे.

मैत्रिणींनो, ‘भीती गेली की बोलेन’ असं ठरवलंत तर तो दिवस येणार नाही. भीती बोलण्याच्या आधी जात नाही. बोलून झाल्यावर ती थोडी कमी होते, पुढच्या खेपेला आणखी थोडी. आणि तुम्ही गप्प राहिलात म्हणून निर्णय थांबत नाही. टाकी कुठे बांधायची, दरडीखालच्या घरांना जागा कुठे द्यायची, हे ठरतंच. डोंगर खचतो तेव्हा काय होतं, ते २००५ मध्ये जुई-दासगावने पाहिलं आणि २०२१ मध्ये तळियेने. अशा गोष्टी दिवसरात्र त्या डोंगराखाली राहणाऱ्या बायकांना न विचारता ठरू नयेत.

तेव्हा आज इथून उठण्यापूर्वी प्रत्येक गावाच्या बायकांनी तीन नावं ठरवायची. बोलणारी कोण, दुजोरा देणारी कोण आणि वहीवर लक्ष ठेवणारी कोण. पुढची ग्रामसभा लांब नाही. त्याआधी महिला सभेची तारीख मागायला सोमवारी पंचायतीत जायचं, तेही तिघींनी मिळून.