पाखडून घ्या, मग पुढे द्या
(साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



तुम्ही वाचायला शिकलात. फार चांगले झाले. एस.टी.ची पाटी, सात-बाराचा उतारा, औषधाच्या बाटलीवरचा कागद आता तुमचा तुम्हाला वाचता येतो. पण वाचता येऊ लागले की एक नवी जबाबदारी येते. लिहिलेले सगळेच खरे नसते. त्यातले खरे कोणते आणि खोटे कोणते, हेही ओळखावे लागते. आज त्याविषयी चार शब्द सांगतो.

आता घरोघरी मोबाइल आहे. सकाळी उठून पाहावे तर दहा निरोप येऊन पडलेले असतात. एकात रोगावरचा उपाय, दुसऱ्यात पावसाचा अंदाज, तिसऱ्यात सरकारी योजना. हे निरोप कोण लिहितो? कोणीही लिहू शकतो. त्याला शिक्षण लागत नाही, परवानाही लागत नाही. खाली मोठ्या डॉक्टरचे नाव घातले की झाले.

आपण शेतकरी माणसे. खळ्यावरचे धान्य आपण तसेच कणगीत भरतो का? नाही. आधी पाखडतो. फोल उडून जाते, दाणा राहतो. मोबाइलवरची बातमीही तशीच पाखडून घ्यायची. त्यासाठी तीन प्रश्न पुरे आहेत. कोण सांगतो? कधीचे आहे? आणि ज्याचे नाव घेतले, त्याने खरेच तसे म्हटले आहे का?

एक उदाहरण पाहू. दर दिवाळीला एक चित्र फिरते. त्यात रात्रीचा भारत लाल, हिरव्या, निळ्या दिव्यांनी झगमगतो. खाली लिहिलेले असते, ‘दिवाळीच्या रात्री नासाने आकाशातून काढलेला फोटो’. नासा म्हणजे अमेरिकेची अवकाश संस्था. मग नासालाच विचारू या की! नासाने २०१२ साली आपल्या संकेतस्थळावर याचा खुलासा केला आहे. ते चित्र एका रात्रीचे नाहीच. अनेक वर्षांची उपग्रहांची माहिती एकत्र करून ते बनवले आहे. १९९२ साली दिसू लागलेले दिवे निळे, १९९८ सालचे हिरवे आणि २००३ सालचे लाल दाखवले आहेत. वस्ती कशी वाढत गेली, हे त्यावरून कळते. दिवाळीच्या पणत्यांचा जादा उजेड इतका थोडा असतो की तो आकाशातून बहुधा कळतही नाही.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, एका फोटोने काय बिघडते?” खरे आहे. त्या फोटोने कोणाचे काही बिघडले नाही. पण सगळेच निरोप असे निरुपद्रवी नसतात.

साप चावला तर अमुक गोळ्या द्या, असा एक निरोप फिरत असतो. त्यावर विसंबून राहिले तर माणूस हातचा जातो. खरी माहिती अशी आहे. चावलेली जागा चिरू नका. विष तोंडाने चोखू नका. वर करकचून बांधू नका. माणसाला धीर द्या. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. १०८ नंबरला फोन करा आणि लवकरात लवकर सरकारी दवाखाना गाठा. तिथे सापाच्या विषावरची लस शिरेतून देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर ती चालते. घरगुती उपाय करण्यात तास गेला, तर तो तास परत मिळत नाही.

आता पावसाचे पाहू. जुन्या पुराची चित्रे कोणी आजची म्हणून पाठवतो. ‘उद्या ढगफुटी होणार’ असेही कोणी लिहितो. अशा वेळी मूळ जागी जावे. पावसाची मूळ जागा म्हणजे भारतीय हवामान विभाग. हा विभाग १८७५ साली सुरू झाला. तो रंगांनी इशारा देतो. हिरवा म्हणजे धोका नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे ताबडतोब हालचाल करा. शेतकऱ्यांसाठी सरकारचे ‘मेघदूत’ नावाचे ॲप आहे. त्यावर आपल्या जिल्ह्याचा अंदाज आणि पिकाचा सल्ला मराठीत मिळतो. वीज पडण्याची सूचना ‘दामिनी’ या ॲपवर मिळते. ते पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेने तयार केले आहे.

शोधायचे कसे? अक्षरे जुळवायला वेळ लागत असेल तर मोबाइलला तोंडाने मराठीत विचारा. पण पहिले उत्तर दिसले की लगेच मान डोलावू नका. कधी कधी वर आलेले उत्तर जाहिरात असते. त्यावर तशी खूण असते, ती वाचा. तीच गोष्ट दोन चांगल्या वर्तमानपत्रांत आहे का, तेही पाहा. आजकाल यंत्राने खोटा आवाज आणि खोटे चित्रही बनवता येते. तेव्हा ओळखीचा चेहरा बोलताना दिसला, एवढ्यावर भुलू नका. शंका राहिलीच तर आशाताईंना विचारा, कृषी सहायकाला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणखी एक खूण सांगतो. व्हॉट्सॲपच्या निरोपावर कधी कधी दोन बाण दिसतात. त्याचा अर्थ, हा निरोप बऱ्याच हातांतून फिरून आला आहे. पुष्कळांनी पाठवला म्हणून तो खरा ठरत नाही. ‘पुढे पाठवा, पुण्य लागेल’ असे लिहिले असेल तर जास्तच सावध व्हा.

खोट्या बातमीने काय होते, ते आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा २०१८ साली मोबाइलवरून पसरली. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच माणसांना मारून टाकले. ती बिचारी भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. अफवा लिहिणारा एखादाच असतो, पण ती पुढे पाठवणारे शेकडो असतात. त्या शेकडो जणांत आपण नसावे.

म्हणून सांगतो, निरोप आला की घाई करू नका. वाचा, विचारा, पडताळून पाहा. खरे ठरले तर अवश्य चार जणांना सांगा. खोटे ठरले तर तिथेच थांबवा, आणि ज्याने पाठवले त्यालाही गोडीने सांगा. शंका फिटली नाही, तरीही पुढे पाठवू नका. सूप घरात टांगून ठेवून भागत नाही, ते रोज हातात घ्यावे लागते. वाचनाचेही तसेच आहे.