कृश देह आणि लपलेला मेद
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात डोंबिवली येथे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक होते, व ते उचितच आहे. आज मात्र आम्ही आपले लक्ष निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आपल्या घरांतून चाळिशीतच मधुमेह जडलेला कर्ता पुरुष आता नवलाचा राहिलेला नाही. त्यांतील कित्येक तर अंगाने सडपातळ! 'याच्या अंगावर मांस नाही, याला कसली साखर?' हा उद्गार कोणी ऐकला नसेल? या कोड्याचा मोठा उलगडा आपल्या पुण्यातच, के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने झाला. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले मास्तर. तेव्हा वर्गात सांगावे तसेच सांगतो.

खर्चून उरलेले अन्न शरीर मेदाच्या रूपाने साठविते. कातडीखालचा मेद त्या मानाने निरुपद्रवी. ते कोठार अपुरे पडले म्हणजे मेद पोटाच्या पोकळीत, यकृतात आणि स्नायूंत शिरतो, व तेथे इन्सुलिनचे काम नीट होईनासे होते. वजनाच्या काट्यास हा भेद कळत नाही. पूर्वी आपल्या स्थानकांच्या फलाटांवर नाणे टाकताच वजनाचे तिकीट देणारी यंत्रे असत. तिकिटामागे भविष्यही छापलेले असे. पण खरे भविष्य काही त्यात नसे.

२००४ साली 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक यूडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे छायाचित्रासह प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु यूडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! एवढ्याशा टिपणाने जगभरच्या विद्वानांस विचारात पाडले.

मग हा मेद येतो कोठून? केवळ वडापाव आणि बैठी नोकरी यांवर दोष ढकलून भागत नाही. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचे आहार व त्यांची अर्भके यांचा अभ्यास सुरू झाला. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांशी तुलना केली तेव्हा तेथील बालकाचे सरासरी वजन सुमारे साडेतीन किलो, आपले सुमारे २.७ किलो. आपल्या बालकाचे पोट लहान, दंड बारीक; पाठीवरची मेदाची घडी मात्र त्या प्रमाणात मुळीच कमी नव्हती. कृश दिसणारे मूल मेद घेऊनच जन्मास येते, हा तो शोध. २००३ साली तो प्रसिद्ध झाला.

पाश्चात्त्यांच्या अंगाचे माप आपल्यास लागू पडत नाही, ही जाणीव अशा संशोधनांनी दृढ झाली. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २५ ऐवजी २३ या निर्देशांकापासूनच सावध व्हावे असे सुचविले. आपल्याकडील वैद्य आता कमरेचा घेरही पाहतात: पुरुषांस ९० सेंटिमीटर, स्त्रियांस ८०. शिंप्याची टेप घरोघर असते, पण ती पोटास लावण्याचा धीर थोड्यांनाच होतो!

आता भगिनींनो, आणि विशेषतः सासूबाईंनो, इकडे लक्ष द्यावे. मूल रोडके जन्मले की सुनेस बोल लावावयाचा आणि बाळास तुपात बुडवावयाचे, ही आपली रीत. त्या खेड्यांत दूध, पालेभाज्या व फळे वरचेवर खाणाऱ्या मातांची मुले अधिक भरली. निम्म्याहून अधिक मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. आणि ज्यांच्यात ते कमी व फॉलेट अधिक, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. म्हणून वैद्यांनी दिलेल्या फॉलिकच्या गोळ्या कोणी बंद करू नयेत. ब-१२ ची उणीव भरून काढावी. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासळी यांतून मिळते. शाकाहारी घरांत दुधाचा पेला मुलाकडे सरकतो, मुलीकडे नाही. मासळी शिजते त्या घरीही शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या पानात तुकडा किती उरतो, ते आपणच आठवावे.

२०१२ पासून त्याच खेड्यांतील त्या मुलामुलींना, ती स्वतः आईबाप होण्यापूर्वीच, ब-१२ देण्याचा प्रयोग झाला. जन्मतः ज्यांची मापे घेतली ती बालके आता तिशीची झाली आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या पोटी जन्मलेल्या पुढच्या पिढीचीही मापे घेतली गेली आहेत.