दिवसाचे रुग्णालय, रात्रीचे घर



मानसिक आजाराचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात: एक उंच भिंतींच्या मनोरुग्णालयाचे आणि दुसरे, पाहुण्यांच्या नजरेआड आतल्या खोलीत ठेवलेल्या माणसाचे. या दोहोंच्या मधल्या जागेविषयी आज मला बोलावयाचे आहे.

रुग्णालयात औषध परिचारिका हाती देते, जेवणाची आणि झोपेची वेळ ठरलेली असते. सुटका होऊन घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी हे सारे रुग्णाने स्वतः सांभाळावे अशी आपली अपेक्षा असते. मग औषध चुकते, झोप उडते, काम मिळत नाही आणि काही महिन्यांत तो पुन्हा त्याच दारात उभा राहतो. दोष त्याच्या निश्चयाचा नसतो. मधल्या पायऱ्याच आपण बांधलेल्या नसतात.

अशी पायरी मॉस्को येथे 1933 साली आणि माँट्रियल व लंडन येथे 1946 साली बांधली गेली. रुग्णाने सकाळी यावे. औषधोपचार, समुपदेशन, गटचर्चा आणि हातकाम यांत दिवस घालवावा आणि सायंकाळी घरी परतावे. यात सामान्यतः दिवसाचे पाच-सहा तास, आठवड्यातून पाच दिवस जातात. प्रकृती सावरली की दिवसाला सुमारे तीन तास, आठवड्यातून तीन दिवस येणे पुरते. ज्याच्या जिवाला तातडीचा धोका आहे, त्याला मात्र अहोरात्र देखरेखच हवी.

आता रायपूरचा विचार करू. 1956 पर्यंत हे शहर आणि नागपूर एकाच राज्यात होते. आज राज्याचे मनोरुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरी येथे आहे. तेथे दाखल होता येते. परंतु येथून रोज सकाळी जाऊन सायंकाळी परतणे कोणाला शक्य आहे? दिवसाचे रुग्णालय रुग्णाच्या गावातच असावे लागते.

आणि रात्रीचे काय? ती जबाबदारी घराची. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबूंमध्ये राहू दिले. नातेवाईक शुश्रूषा शिकले, त्यांची भीती ओसरली आणि रुग्णाला घरी परतणे सोपे झाले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणारी सेवा हा शासनाच्या कर्तव्याचा भाग मानला आहे.

तेव्हा शासनाकडे मागणी करताना केवळ खाटा मागू नका. दिवसाची दारेही मागा. आणि सायंकाळी परतणाऱ्या माणसासाठी आपल्या घराचे दार उघडे ठेवा. ते बंद असेल, तर दिवसभराचा उपचार उंबरठ्यावरच थांबेल.