चेंबरचं झाकण कुठे आहे?

श्रोतेहो, तुमच्या सोसायटीच्या ड्रेनेजच्या चेंबरांची झाकणं कुठे कुठे आहेत? वॉचमनला विचारू नका, तुम्ही सांगा. एकूण किती आहेत? रस्त्याकडचं शेवटचं कोणतं? पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून आजचा माझा सगळा वेळ मी या एका प्रश्नासाठी वापरणार आहे.

तीस वर्षं मी ड्रेनेजच्या कामात होतो. एका सोसायटीतली सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. तळमजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. सातच्या सुमाराला त्यांना बाथरूममधून गुडगुड आवाज आला. बघतात तर नहाणीच्या जाळीतून काळं पाणी वर येतंय. त्यांनी जाळीवर फडकं कोंबलं, त्यावर पाट ठेवला, पाटावर वरवंटा ठेवला. पाण्याने पाट बाजूला सारला. आम्ही पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात घोटाभर मैलापाणी साचलं होतं, ज्वारीचा डबा बुडाला होता आणि आजी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. वर चार मजल्यांवर आंघोळी चालू होत्या, धुण्याची मशीनं फिरत होती. खाली काय चाललंय याचा वर कुणाला पत्ता नव्हता.

चेंबर उघडायला गेलो, तर चेंबर सापडेना. आवारात नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि झाकणं त्यांच्याखाली गाडली गेली होती. पहारीने ब्लॉक उचकटत दीड तास गेला, आणि दीड तास आजींचं घर भरत राहिलं.

घरातली चहाची किटली आठवा. किटलीत वरून ओतत राहिलं की पाणी झाकणाला टेकायच्या आधी तोटीतून सांडतं, कारण पाणी सगळ्यांत खालचं तोंड शोधतं. तळमजल्याची नहाणी ही अख्ख्या इमारतीची तोटी आहे. बाहेर जायची वाट तुंबली, की चौथ्या मजल्यावरची बादली आजींच्या घरात सांडते. तोटीला फडकं कोंबून काही होत नाही, आधी ओतणं थांबवावं लागतं. म्हणून पाणी उलटं येताना दिसलं की पहिलं काम प्लंबरला फोन करण्याचं नाही. जिन्यात उभं राहून ओरडा, सोसायटीच्या ग्रुपवर टाका, ‘नळ बंद, फ्लश बंद’. वॉचमनला गच्चीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला लावा. पाणी विजेच्या बोर्डाजवळ चढत असेल, तर कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच बंद करता येत असेल तरच करा. नाहीतर घराबाहेर पडा आणि मीटरच्या खोलीतून वीज बंद करून घ्या.

आणि किटली साफ करायची तर झाकण उघडावं लागतं ना? आपण इमारतीची झाकणंच फरशीखाली पुरतो! ती उघडता आली, तर अडथळा कुठे आहे हे पाच मिनिटांत कळतं. एक चेंबर काठोकाठ भरलेलं आणि रस्त्याच्या दिशेचं पुढचं मोकळं असेल, तर अडथळा त्या दोहोंच्या मधल्या पाइपात आहे. सगळीच भरली असतील आणि रस्त्यावरचं मॅनहोलही भरलेलं असेल, तर दोष बाहेरच्या लाइनचा. मग पालिकेच्या ड्रेनेज विभागाला तसं नेमकं सांगा, गाडी लवकर येते. पण त्यासाठी झाकणं ठाऊक हवीत. मी पुन्हा पुन्हा झाकणांवरच येतोय, कारण लोक हेच विसरतात.

पाइप तुंबतो कशाने? तळणीचं तेल सिंकमध्ये ओतलं की पुढे पाइपात थिजतं. सॅनिटरी पॅड, बाळाचे ओले वाइप्स, फ्लॅटचं काम करताना नहाणीत धुतलेलं सिमेंट. पिंपळाची मुळं तर पाइपाच्या सांध्यातून आत शिरतात.

आता जे सांगतो ते कृपा करून नीट ऐका. चेंबर सापडलं, अडथळा दिसला, की कुणीतरी म्हणतं, ‘नाक्यावरून एक माणूस आणा, पाचशे रुपये द्या, उतरेल आत.’ उतरवू नका. खोल चेंबरमध्ये, सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. त्याला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं हवा बरी आहे, आणि तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. माणसाला असं आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण गेलेला माणूस त्या पैशांनी परत येत नाही. झाकण वेळेवर उघडता आलं, तर वरून बांबूच्या पट्टीने किंवा जेटिंग मशीनने काम होतं. आत कुणाला जावंच लागत नाही.

वेळ संपत आला, पाणी ओसरल्यावर घराच्या साफसफाईचं भरभर सांगतो. गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. भिजलेलं धान्य आणि गादी टाकून द्या, हळहळू नका. फरशी आधी साबणाच्या पाण्याने घासा, मग ब्लीचचं पाणी वापरा. ब्लीच आणि टॉयलेट धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत मैलापाणी झिरपलं नाही ना, ते बघितल्याशिवाय पंप चालू करू नका. पायाला जखम असेल किंवा पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना मैलापाण्याबद्दल आवर्जून सांगा. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, ताप अंगावर काढायचा नसतो.

वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या मंडळींनो, हे बोलणं मुख्यतः तुमच्यासाठी होतं. तळमजल्यावरचे लोक हे सगळं सोसून जाणतात. आज संध्याकाळी खाली उतरा, झाकणं मोजा, समोरच्या भिंतीवर रंगाने खूण करा, आणि एखादं फरशीखाली गेलं असेल तर पहिल्या पावसाआधी ते मोकळं करून घ्या.