मनश्शे राजाचा पश्चात्ताप खरा होता काय?

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त अंधेरी येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली हा शब्द आनंदाचा आहे. परंतु त्याचें मूळ पाहूं गेलें असतां तें दास्याच्या बेडीशीं सांपडतें. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें पन्नासावें वर्ष उगवलें म्हणजे शिंग फुंकीत, दासांस मोकळें करीत, आणि ज्याचें वतन हातचें गेलें असेल त्यास तें परत देत. मोकळा झालेला मनुष्य घरीं आल्यावर पुढें कसा वागला, हें मात्र तेथें सांगितलेलें नाहीं. तो प्रश्न आज आपण एका राजाच्या चरित्रावरून सोडवूं.

हा राजा म्हणजे यहूदाचा मनश्शे. त्याचा बाप हिज्कीया मोठा देवभीरु. मनश्शे १२ व्या वर्षीं गादीवर बसला, त्यानें ५५ वर्षें राज्य केलें, आणि बापानें जें जें मोडलें होतें तें तें पुन्हां उभारिलें. यरुशलेमच्या मंदिराच्या दोन्ही अंगणांत त्यानें तारागणांच्या पूजेसाठीं वेद्या बांधिल्या, पोटचें पोर अग्नींतून चालविलें, आणि निरपराध्यांच्या रक्तानें राजधानी भरून टाकिली. यशया संदेष्ट्यास त्यानेंच करवतीनें चिरविलें, अशी यहुदी लोकांची परंपरा आहे.

आतां अडचण अशी कीं, राजांचा दुसरा ग्रंथ येथेंच थांबतो. मनश्शेच्या पश्चात्तापाचा एक शब्दही त्यांत नाहीं. उलट ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत बाबेलच्या हातून यहूदाचा जो नाश झाला, त्याचें कारण म्हणून तो मनश्शेच्या पापांकडेच बोट दाखवितो. इतिहासाचा दुसरा ग्रंथ मात्र वेगळी हकीकत सांगतो. अश्शूरच्या सरदारांनीं राजास धरिलें, पितळी बेड्या घालून बाबेलास नेलें; तेथें संकटांत पडल्यावर तो आपल्या पूर्वजांच्या देवापुढें अत्यंत दीन झाला; देवानें त्याची विनवणी ऐकिली व त्यास यरुशलेमास परत आणिलें. एकाच राजाचीं हीं दोन चित्रें पाहून कित्येक विद्वान म्हणतात कीं, एवढा दुष्ट राजा एवढीं वर्षें राज्य कसा करूं शकला हें कोडें सोडविण्यासाठीं इतिहासकारानें ही कथा योजिली असावी.

या शंकेस तुच्छ लेखूं नये. तिचा विचार करावा. अश्शूरचा राजा एसर्हद्दोन याच्या मातीच्या लेखस्तंभावर, निनवेच्या राजवाड्यासाठीं लांकूड व पाषाण पुरविणाऱ्या २२ मांडलिकांत, यहूदाच्या मनश्शेचें नांव आढळतें. पुढें अशुरबनिपालाच्या लेखांतही तें येतें. त्या लेखांत मनश्शेच्या कैदेचा उल्लेख नाहीं. परंतु मिसर देशांतील नखो नांवाचा मांडलिक बंडाच्या आरोपावरून बेड्या घालून निनवेस नेला गेला आणि त्यास क्षमा करून पुन्हां गादीवर बसविण्यांत आलें, ही गोष्ट अशुरबनिपाल स्वतःच सांगतो. तेव्हां राजास धरणें व सोडून देणें ही त्या दरबाराची रीतच होती. बाबेल त्या काळीं अश्शूरच्याच सत्तेखालीं होतें. सारांश, मनश्शेची कैद अशक्य म्हणतां येत नाहीं.

पण कैद खरी ठरली म्हणून पश्चात्ताप खरा ठरत नाहीं. बेडी पडल्यावर कोण हात जोडीत नाहीं? मिसरच्या फारोनेंही गारांचा मारा सुरू होतांच आपण पाप केल्याचें कबूल केलें होतें. गारा थांबल्या, आकाश निवळलें, आणि त्याचें मन पुन्हां दगड झालें. त्याचा पश्चात्ताप गारांइतकाच टिकला. तर मग मनश्शेच्या भीतीस आपण फारोच्या भीतीहून निराळें कां मानावें?

येथें पवित्र सभेची शिकवण मोठी समंजस आहे. देवावरील निखळ प्रीतीनें होणारा पश्चात्ताप हा पूर्ण होय. परंतु ट्रेंटच्या धर्मसभेनें १५५१ सालीं असेंही शिकविलें कीं, पापाची किळस वाटून किंवा नरकाच्या भयानें झालेलें दुःखही, त्यांत क्षमेची आशा व पाप सोडण्याचा निश्चय असेल तर, ढोंग नव्हे. तें देवाचेंच दान होय, आणि त्याच्या योगें पापी मनुष्य पापनिवेदनाच्या संस्कारांत कृपा मिळविण्यास सिद्ध होतो. म्हणजे भीति हा देवाच्या घराचा उंबरठा झाला. उंबरठ्यावर उभें राहण्यांत लाज नाहीं. मात्र तेथूनच माघारीं फिरणें ही फारोची वाट होय.

मनश्शे आंत गेला काय? याचें उत्तर त्याच्या अश्रूंत शोधूं नये. मनश्शेची प्रार्थना म्हणून एक जुनें स्तोत्र प्रसिद्ध आहे. १५९२ च्या लॅटिन बायबलांत तें पुरवणीदाखल छापिलें गेलें, पण पवित्र सभेनें त्यास शास्त्रांत स्थान दिलें नाहीं. राजा बंदिवासांत कोणत्या शब्दांनीं रडला हें आपणांस ठाऊक नाहीं. सुटून आल्यावर त्यानें काय केलें तें मात्र शास्त्र नीट मोजून सांगतें. त्यानें नगराचा बाहेरील तट बांधिला; मंदिरांतील परके देव व आपणच बसविलेली मूर्ति काढून नगराबाहेर टाकिली; परमेश्वराची वेदी नीट करून तीवर उपकारस्तुतीचे यज्ञ केले. बेडी गळून पडल्यावर, पाठीशीं कोणी शिपाई उभा नसतां, त्यानें हें केलें. म्हणून आमचें मत असें कीं, मनश्शेचा पश्चात्ताप खरा होता.

तथापि, बंधूंनो, खरा होता म्हणजे पुरा पडला असें नव्हे. त्याचा मुलगा आमोन २२ व्या वर्षीं राजा झाला, आणि बापानें केलेल्या त्याच मूर्तींपुढें तो यज्ञ करूं लागला. त्या मूर्ति आल्या कोठून? मनश्शेनें त्या नगराबाहेर टाकिल्या होत्या. त्यांचा चुरा केल्याचें लिहिलेलें नाहीं. तो चुरा पुढें त्याचा नातू योशीया यास करावा लागला. मनश्शेची कैद त्याच्या राज्याच्या अखेरीस झाली असावी असें मानणारे कित्येक पंडित आहेत. तें खरें असेल तर आमोन त्या वेळीं जाणता मुलगा होता. बापाचें पाप त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें आणि बापाची प्रार्थना केवळ कानांनीं ऐकिली होती. लेंकरें कानांपेक्षां डोळ्यांनींच अधिक शिकतात.

हेंच माप आतां आपल्या घराला लावूं. साष्टीच्या ख्रिस्ती लोकांविषयीं एक आक्षेप वारंवार घेण्यांत येतो कीं, तुमच्या पूर्वजांनीं धर्म घेतला तो राजाच्या भयानें किंवा लोभानें. १५३४ सालीं वसई व साष्टी पोर्तुगीजांच्या हातीं आली, आणि धर्माच्या मागें राज्याचें बळ उभें राहिलें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या शैव लेण्यांत त्या काळीं ख्रिस्ती देऊळ झालें. तें राज्याच्या बळावांचून झालें नसतें. कोणी श्रद्धेनें आला असेल, कोणी भीतीनें, कोणी लाभासाठीं. चारशें वर्षांपूर्वींच्या माणसाचें अंतःकरण उघडून पाहण्याची किल्ली आमच्यापाशीं नाहीं.

परंतु त्यांची बेडी गळण्याचाही दिवस आला. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी घेतली व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई सर केली. पोर्तुगीज सत्ता गेली. तिचें भय गेलें, तिची कृपाही गेली. गोरे पाद्री निघून गेले, कित्येक देवळें ओस पडलीं. ज्यास मागें फिरावयाचें होतें त्यास वाट मोकळी होती, आणि कांहीं फिरलेही. पण पुष्कळ जण येथल्याच काळ्या पाद्र्यांच्या आधारानें टिकून राहिले. पुढें सुमारें वीस वर्षांनीं फ्रेंच प्रवासी आंकेतील द्यु पेराँ साष्टींतून गेला, तेव्हां येथील ख्रिस्ती लोक मराठी राज्यांत आपला धर्म उघडपणें पाळीत असल्याचें त्यास दिसलें. हा त्या लोकांच्या श्रद्धेचा जसा पुरावा, तसाच त्या राज्यकर्त्यांच्या उदारपणाचाही. दोहोंचेंही स्मरण कृतज्ञतेनें ठेवावें. १५७९ सालीं येशूसंघी फादरांनीं बांधिलेलें कोंडिवट्याचें देऊळ १८४० सालीं साथीमुळें सोडावें लागलें. लोकांनीं तें सोडिलें, पण धर्म सोडिला नाहीं, मरोळास दुसरें देऊळ केलें. १८९६ सालीं प्लेग आला, तेव्हां भेदरलेल्या लोकांनीं उपनगरांतील गांवठाणांत ठिकठिकाणीं क्रूस उभारिले. ते भयाचेच क्रूस खरे! पण प्लेग गेल्यावरही नातवंडांनीं त्यांच्यापुढें गुडघे टेकले. म्हणून आक्षेप घेणाऱ्यास सांगावें: आमचे पूर्वज उंबरठ्यावर कसे आले तें देव जाणे; ते आंत राहिले, हें इतिहास जाणतो.

शेवटचा प्रश्न आपलाच. २०२० सालीं करोनाच्या साथीनें देवळांचीं दारें बंद झालीं, त्या दिवसांत घरोघर रोझरी होत होती आणि किती नवस बोलले गेले! दारें उघडून आतां वर्षें लोटलीं. ते नवस कोठें आहेत? शेजारच्या भावाशीं अबोला सोडीन, बाटली सोडीन, पापनिवेदनास जाईन, असें ज्यानें त्या भीतींत म्हटलें, त्यानें खोटें म्हटलें असें आम्ही मुळींच मानीत नाहीं. तें खरेंच होतें. आतां त्यानें आपल्या घरांतील मूर्ति नुसती दाराबाहेर न टाकितां तिचा चुरा करावा. कारण त्याचा आमोन घरांतच आहे, आणि तो पाहत आहे.

ज्युबिलीचें शिंग वाजलें, बेडी गळाली. मनश्शेप्रमाणें आपण देवाच्या वेदीकडे परत येवोत, आणि योशीयाप्रमाणें तें काम पुरें करोत, हीच प्रभुचरणीं आमची प्रार्थना. आमेन.